सेंट लुशियाचा पोपटवाला जंगल ट्रेल: पोरांना घेऊन जावं का?

आधीच सांगून टाकते, सेंट लुशिया या कॅरिबियन बेटावरचा पोपट जवळून बघायला मिळेल, झकास फोटो निघतील, इन्स्टावर टाकता येतील म्हणून हा ट्रेल करणार असाल तर पैसे वाचवा आणि बीचवर पडून राहा. पोपट लांबून दिसतो, झाडांच्या पार शेंड्याला, आणि बऱ्याचदा आधी नुसता आवाजच येतो. पण तुमच्याबरोबर आठ-दहा वर्षांचं पोरगं असेल आणि 'पर्यावरण' म्हटलं की त्याला जांभई येत असेल (आमच्या घरी येते, शाळेत इतक्या वेळा पोस्टर काढायला लावलेत की विचारू नका) तर मात्र जाच. मी पाचपैकी चार स्टार देतेय, एक कुठे कापला ते पुढे येईलच.

आम्ही राहतो टोरोंटोजवळ मिसिसागाला. 'फॅमिली व्हेकेशन' या गोंडस नावाखाली नवऱ्याने २०२४ च्या टी-ट्वेंटी वर्ल्ड कपची तिकिटं काढली होती, २४ जूनची इंडिया-ऑस्ट्रेलिया, ग्रोस आयलेटला डॅरेन सॅमीच्या नावाचं स्टेडियम आहे तिथे. रोहितने ४१ बॉलमध्ये ९२ मारले त्याबद्दल मी इथे काही लिहिणार नाही, घरी अजून रोज ऐकतेय. डोंबिवलीहून सासूबाई आल्या होत्या, त्याही आमच्याबरोबर. तर मॅच झाल्यावर हातात वेळ होता आणि मी आधीच ठरवलं होतं की नुसतं क्रिकेट आणि स्विमिंग पूल करून परत यायचं नाही.

हॉटेलच्या टूर डेस्कवर विचारलं तर त्यांनी झिपलाइन, मड बाथ, कॅटमरान असं सगळं पुढे केलं, पोपटाचं विचारल्यावर त्या बाईने जरा शोधाशोध केली आणि जो भाव सांगितला तो ऐकून नवरा म्हणाला, पोपट पॅकिंग करून देतात का. मग मी एका लोकल माणसाचा नंबर मिळवला, छोटा घरगुती धंदा आहे त्यांचा, एक गाडी आणि दोन गाइड. नाव मुद्दाम देत नाहीये कारण काही तक्रारीही लिहिणार आहे आणि एवढ्याशा माणसाच्या पोटावर पाय आणायचा नाही. बेटावर असे बरेच जण आहेत, फॉरेस्ट्री डिपार्टमेंटकडे किंवा कुठल्याही गेस्ट हाऊसला विचारलंत तरी मिळतील. आम्ही केला तो दे कार्टिए नावाचा ट्रेल, मिकूड गावाच्या वरच्या डोंगरात. मिकूड म्हणजे डॅरेन सॅमीचं गाव, हे कळल्यावर नवऱ्याचा विरोध आपोआप मावळला, वेस्ट इंडीजला दोन वर्ल्ड कप जिंकून देणारा कॅप्टन जिथे वाढला ते बघायचंच म्हणे.

ग्रोस आयलेट बेटाच्या उत्तर टोकाला आणि मिकूड दक्षिण-पूर्वेला. नकाशावर चिमूटभर अंतर वाटतं, अख्खं बेटच ६१७ स्क्वेअर किलोमीटरचं, पण मधला रस्ता म्हणजे आपला जुना कशेडी घाट, एक वळण संपतंय तोवर दुसरं. गाडी पहाटे यायची होती ती बऱ्यापैकी उशिरा आली, फोन केला की 'जस्ट नाऊ' एवढंच उत्तर, आणि इथेच मी मनातल्या मनात अर्धा स्टार कापला. कारण हे पोपट सकाळी लवकर आणि मग संध्याकाळीच उडतात, दुपारी झाडात बसून राहतात, म्हणजे उशीर झाला की ज्यासाठी पैसे भरले तेच हुकतं. गाइडकाकांनी मात्र (पोरांनी त्यांचं नाव हेच पाडलं) सॉरीबिरी न म्हणता सरळ सांगितलं की आज नशीब लागेल, नाही दिसला तर अर्धे पैसे परत. असा रोखठोक माणूस मला आवडतो.

आता पोपटाविषयी. त्याला तिथे 'जाको' म्हणतात. तोंड निळं, पाठ हिरवी, छातीवर लाल, आकाराने आपल्या पोपटापेक्षा चांगला भरलेला, आणि जगात फक्त याच एका बेटावर जंगलात सापडतो. १९७०च्या दशकात तो जवळजवळ संपलाच होता, शंभरच्या आसपास उरले होते. कारणं काय तर लोक मारून खायचे, पिल्लं पकडून पिंजऱ्यात ठेवायचे, बाहेर विकायचे, आणि डोंगरउतारावरचं जंगल तोडून केळी लावायचे. केळी म्हणजे त्या काळात तिथलं सोनं होतं, इंग्लंडला बोटी भरभरून जायची. त्यात १९८० च्या ऑगस्टमध्ये ॲलन नावाचं वादळ आलं आणि उरलेल्या जंगलाची वाट लावून गेलं. आणि तरी आज हजाराच्या वर पोपट आहेत. हे कसं झालं ही खरी गोष्ट आहे आणि या ट्रेलचे पैसे वसूल होतात ते त्या गोष्टीसाठी.

१९७५ मध्ये लंडनहून काही कॉलेजची पोरं पोपटाचा अभ्यास करायला या बेटावर आली, त्यातला एक पॉल बटलर. तिथल्या फॉरेस्ट्रीचे मुख्य अधिकारी गेब्रियल चार्ल्स यांनी त्याला पुढे कामावर घेतलं. विशीतला गोरा मुलगा, हाताशी पैसे जवळजवळ नाहीत, स्टाफ नाही, कायदा जुनापुराणा आणि दंड एवढा किरकोळ की कोणाला त्याची भीतीच नव्हती. आता अशा वेळी तुम्ही-आम्ही काय केलं असतं, एक परिषद भरवली असती, रिपोर्ट लिहिला असता, मंत्र्याच्या हस्ते झाड लावलं असतं. यांनी काय केलं तर पोरांना धरलं. शाळाशाळांतून पोपटाचा पोशाख घातलेला माणूस पाठवला! पपेट शो केले, टी-शर्ट वाटले, लोकल बँडला पटवून पोपटावर गाणी करून घेतली, हॉटेलवाल्यांना गळ घालून गाडीवर चिकटवायचे स्टिकर छापून घेतले, चर्चच्या पाद्र्यांना सांगितलं की देवाने केलेली सृष्टी सांभाळायची याविषयी प्रवचनात बोला. नंतर मुलांसाठी पर्यावरणाचं छोटं वर्तमानपत्र निघालं, जाकोचं चित्र असलेली बस गावोगाव फिरली.

हे सगळं मी येण्याआधी थोडंफार वाचलं होतं, पण आमच्या गाइडकाकांनी ते ज्या पद्धतीने सांगितलं त्याला तोड नाही, कारण ते स्वतः त्या वर्गात बसलेले होते! पन्नाशी उलटलेला माणूस. म्हणाले, शाळेत एक दिवस दारातून हिरवा-निळा भलामोठा पोपट आत आला, अर्धी पोरं घाबरून बाकाखाली आणि अर्धी त्याचं शेपूट ओढायला धावली, मीही ओढणाऱ्यांतला. मग त्या पोपटाने सांगितलं की मी फक्त तुमच्याकडे आहे, बार्बाडोसला नाही, मार्टिनिकला नाही, अमेरिकेकडे एवढं सगळं आहे पण मी नाही. घरी जाऊन काकांनी वडिलांना विचारलं, बाबा, तुम्ही जाको मारता का. वडील रानात कबुतरं मारायला जायचे, मधे कधी पोपट मिळाला तर तोही. वडील हसले. मग काका म्हणाले, "मी काही बोललो नाही, पण आठवडाभर जेवताना त्यांच्या ताटाकडे बघत बसायचो." माझी लेक हे ऐकून इतकी हसली की काकांनी तिला शूऽऽ केलं.

पुढे त्यांच्या वडिलांनी बंदूक टाकली का वगैरे मी विचारलं, तर म्हणाले छे, कबुतरं मारायचे, पोपट तेवढा सोडला. मला हे उत्तर फार आवडलं. कुठेतरी वाचलेल्या गोष्टीत वडील रडले असते आणि फॉरेस्ट गार्ड झाले असते.

यातलं मर्म मला काय वाटलं सांगते. त्या लोकांनी मुलांना 'पर्यावरण वाचवा' असं सांगितलंच नाही. ओझोन नाही, पृथ्वी नाही, 'वसुंधरा' नाही. एक पक्षी दिला, तुमचा आहे म्हणाले, दुसऱ्या कोणाकडे नाही म्हणाले. बस. मुलांना तेवढं पुरतं, किंबहुना मुलांना तेच कळतं. आणि त्यातही टायमिंग बघा, सेंट लुशिया स्वतंत्र झाला २२ फेब्रुवारी १९७९ ला, आणि त्याच वर्षी जाको राष्ट्रीय पक्षी झाला. नवा कोरा देश, तेव्हा लाखभर लोकसंख्या, इंग्रज आणि फ्रेंच यांच्यात चौदा वेळा हात बदललेलं बेट, आता आपलं म्हणून मिरवायला काहीतरी पाहिजेच होतं. तो पोपट त्या वेळेवर अगदी नेमका बसला. मग १९८० मध्ये वन्यजीव कायदा नवा झाला, दंड जबर झाला, जेलची तरतूद आली. त्या आधीच, १९७५ मध्ये काही पोपट जर्सी या इंग्लंड-फ्रान्समधल्या बेटावरच्या प्राणिसंग्रहालयात नेले होते, तिथे १९८२ मध्ये पहिल्यांदा पिल्लू झालं.

म्हणजे हेही लक्षात घ्या की नुसत्या पोरांनी गाणी म्हणून पोपट वाचला नाही. कायदा लागला, जंगल राखणारे गार्ड लागले, बाहेरचे तज्ञ लागले. मला हल्ली ते 'मुलंच पृथ्वी वाचवतील' ऐकलं की चीड येते, म्हणजे आपण एसी सोळावर लावून बसायचं आणि सहावीतल्या मुलीच्या हातात बोर्ड द्यायचा. इथे मोठ्यांनी आपलं काम केलं आणि पोरांना पोरांचं काम दिलं, घरी जाऊन मोठ्यांना लाज आणायचं. ते काम पोरं फुकटात आणि अतिशय मन लावून करतात, आमच्याकडे या घरात दोन एक्स्पर्ट आहेत.

ही युक्ती इतकी चालली की नंतर शेजारच्या सेंट व्हिन्सेंटने तिथल्या पोपटासाठी केली, डॉमिनिकाने केली (त्यांचा पोपट तर थेट झेंड्यावर आहे), आणि रेअर नावाच्या संस्थेने हाच साचा घेऊन पन्नासहून जास्त देशांत मोहिमा केल्या. सुरुवात या एवढ्याशा बेटावरच्या शाळेच्या वर्गात.

बरं, आता प्रत्यक्ष सर्व्हिस कशी होती ते. गाइडकाकांनी मुलांना हाताळलं त्याला पूर्ण मार्क. जंगलात शिरण्याआधी प्रत्येकाला काम वाटून दिलं. माझी लेक 'कान', धाकटा 'डोळे', सासूबाई 'वेळ' म्हणजे घड्याळ बघून लक्षात ठेवायचं की आवाज कधी आला, नवऱ्याला म्हणाले तू फक्त गप्प राहा. बोलायचं नाही, काही दिसलं तर पुढच्याच्या खांद्यावर टकटक. लेक्चर शून्य. मधेच खाली वाकून अर्धवट खाल्लेलं फळ उचलून दाखवलं, हे कोणी खाल्लं असेल, उंदराने की पोपटाने, दातांच्या खुणा आहेत की चोचीची, ठरवा. माझा सहा वर्षांचा मुलगा, जो घरी मोज्यांची जोडी शोधू शकत नाही, तो पुढचा तासभर जमिनीवर डोळे लावून फळं शोधत होता.

जंगल म्हणाल तर जबरदस्त आहे. प्रचंड उंच झाडं, गोमिए म्हणून एक आहे त्याचा पांढरा डिंक खोडावरून ओघळतो आणि वास धुपासारखा, सासूबाईंनी हात लावून हुंगला आणि 'अगं देवघर' एवढंच म्हणाल्या. पूर्वी या झाडाचं खोड कोरून होड्या करायचे. झाडाएवढी उंच नेचे, हेलिकोनियाची लालभडक फुलं. मधे पाऊस आला आणि गेला आणि परत आला. वाट निसरडी आहे, काही ठिकाणी पायऱ्या केल्यात पण ओल्या. सासूबाई साडी नेसून नाही, पंजाबी ड्रेस आणि स्पोर्ट्स शूजमध्ये, माझ्याआधी पोचत होत्या हे वेगळं सांगायला नको.

त्यांचा पहिला प्रश्न सापांचा. काकांनी खोटं धीर देणं वगैरे केलं नाही, म्हणाले एक विषारी आहे, फेर-द-लान्सच्या कुळातला, आणि तोही फक्त आमच्याच बेटावर, पण या वाटेवर मला आजवर दिसलेला नाही. 'तोही फक्त आमच्याच' हे म्हणताना चेहऱ्यावर केवढा अभिमान! म्हणजे मोहीम पोपटाची होती पण रोग सगळ्यालाच लागलाय. मग म्हणाले, एक तुमच्याकडचा पाहुणा आहे इथे, आणि मुंगसाची गोष्ट सांगितली. उसाच्या मळ्यातले उंदीर मारायला मळेवाल्यांनी भारतातलं मुंगूस कॅरिबियन बेटांवर आणून सोडलं, त्याने उंदरांसोबत जमिनीवर घरटी करणाऱ्या पक्ष्यांचीही अंडी फस्त केली. लेकीने लगेच विचारलं मग मुंगसाची चूक आहे का. काका म्हणाले, मळेवाल्याची. (उसाच्या मळ्यांवर भारतातून माणसंही नेली होती, १८५९ मध्ये पाल्मायरा नावाच्या जहाजातून पहिले आले, म्हणून तर आज त्या बेटावर रोटी हा लोकल पदार्थ आहे. हे काकांनी नाही, ड्रायव्हरने सांगितलं, त्याची पणजी त्यातलीच.)

आणि पोपट? दिसला. व्ह्यूपॉइंटवर एक लाकडी जागा आहे, समोर दरी आणि पलीकडे सगळं हिरवं छप्पर. तिथे बराच वेळ नुसते उभे होतो, नवरा हळूच फोन काढून हायलाइट्स बघायला लागला होता, आणि लेकीने टकटक केलं. आधी कर्कश आवाज, अजिबात गोड नाही, मग दोन पोपट जोडीने दरी ओलांडून गेले, ऊन पडलं तेव्हा पंखातला निळा-लाल चमकला. काही सेकंद. दुर्बीण काकांनी लेकीच्या हातात आधीच दिलेली होती म्हणून तिला नीट दिसला, मला हिरवं काहीतरी गेलं एवढंच. नंतर झाडावर बसलेला एक सापडला, तो सासूबाईंनी शोधला.

त्यावर त्या म्हणाल्या, "आमच्या चाळीत प्रत्येक मजल्यावर एक मिठू होता, आमचा तर विठ्ठल विठ्ठल म्हणायचा." लेक वळून म्हणाली, "आजी, पिंजऱ्यात?" झालं. काकांना भाषांतर करून सांगावं लागलं आणि ते मोठ्याने हसले, म्हणाले बघा, अजून काम करतंय. सासूबाई ऐकून घेणाऱ्यातल्या नाहीत, त्यांनी मिठूला पेरू किती लाडाने देत होतो ते सांगितलं, पण लेकीने सोडलं नाही, तिने रात्री हॉटेलवर जाऊन शोधून काढलं की भारतात देशी पोपट पाळणं हा वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे आणि कायदा १९७२ चा आहे, मग आजीला विचारलं तुमचा मिठू कोणत्या साली होता. आजीने साल सांगायला नकार दिला.

खरी धमाल तर ट्रेलच्या सुरुवातीला परत आलो तेव्हा. तिथे एका प्राथमिक शाळेची ट्रिप आलेली, युनिफॉर्ममधली वीस-पंचवीस पोरं, सोबत शिक्षिका. आमच्या दोघांना बघून त्यांनी घेराव घातला. कुठून आलात, इंडिया की कॅनडा, क्रिकेट बघितलं का, आणि मग एका छोटीने विचारलं, तुमचा नॅशनल बर्ड कोणता. लेक म्हणाली इंडियाचा पीकॉक. ती म्हणाली आणि कॅनडाचा? लेक माझ्याकडे बघतेय, मी नवऱ्याकडे. नंतर बघितलं तर कॅनडाने अधिकृत असा राष्ट्रीय पक्षी ठरवलेलाच नाही, बीव्हरवर भागवलंय. त्या पोरीचा चेहरा बघायला पाहिजे होता, कीव आली तिला आमची. मग मी सासूबाईंना हळूच विचारलं, महाराष्ट्राचा राज्यपक्षी कोणता हो आई, तर म्हणाल्या मोरच असेल. हरियाल आहे. हिरव्या रंगाचं ते पिवळ्या पायांचं कबुतर. वडा-पिंपळावर फळं खायला येतं, डोंबिवलीतही जुन्या झाडांवर दिसत असेल, पण मला शाळेत कोणी हरियालचा पोशाख घालून भेटायला आलं नाही बाबा. 'झाडे लावा झाडे जगवा' मात्र दरवर्षी भिंतीवर रंगवलं.

त्या शाळेच्या शिक्षिकेशी दोन मिनिटं बोलले. मी अगदी भारतीय पालक मोडमध्ये विचारलं की यावर परीक्षा असते का, प्रोजेक्ट असतं का. म्हणाल्या पाण्यावर असतं. म्हणजे? म्हणजे आता नुसता पोपट सांगून भागत नाही, पोपटाचं जंगल राहिलं तर नळाला पाणी राहतं हे सांगावं लागतं. २०१० मध्ये टोमास वादळ आलं तेव्हा डोंगर खचले, बेटाचं मोठं धरण आहे त्यात गाळ भरला, पाण्याचे हाल झाले, ते त्या मुलांच्या आईबापांनी बघितलंय. त्यामुळे मुलांना जंगल, माती, धरण, नळ अशी साखळी काढायला लावतात. मला वाटलं हे जास्त अवघड आहे, पोशाख घालून धरण कसं करणार. पण पन्नास वर्षांपूर्वीच्याच युक्तीवर बसून राहिले नाहीत, बरं वाटलं.

आता कापलेल्या स्टारचा उरलेला अर्धा. आम्ही ज्यांच्याबरोबर गेलो त्यांच्याकडे मुलांसाठी हातात द्यायला काहीच नव्हतं. एक साधं कागदी चित्र, पक्ष्यांची यादी टिक करायला, काहीही. एवढी मोठी गोष्ट टी-शर्ट आणि स्टिकरवर उभी राहिलेली आणि माझ्या मुलाला एक स्टिकर मिळू नये? त्याने दोनदा मागितलं. शेवटी गावातल्या दुकानात जाकोचा फ्रिज मॅग्नेट घेतला, तो निघाला चीनमध्ये बनवलेला आणि पोपटाचं तोंड पिवळं. काकांना सांगितलं मी, म्हणाले खरंय, करायला पाहिजे. बघू करतात का.

दुसरं, पूर्ण राउंड सहा वर्षांच्या मुलाला लांब पडतो, चार किलोमीटर चढउतार आणि चिखल. शेवटचा भाग धाकट्याला नवऱ्याने पाठीवर घेतला आणि त्यात तो पोपटांचा आवाज काढत होता, म्हणजे खरे पोपट असतील तेही पळाले. आठच्या वरच्या मुलांना मजा येईल, खालच्यांना व्ह्यूपॉइंटपर्यंत नेऊन परत आणा, गाइडला आधी सांगितलं तर ऐकतात. अगदीच चालणं जमणारं नसेल तर राजधानी कॅस्ट्रीजजवळ युनियनला फॉरेस्ट्रीची जागा आहे, तिथे छोटी नेचर ट्रेल आहे, आजीआजोबा आणि बाबागाडीवाल्यांनी आधी तिथली चौकशी करावी.

बाकी सूचना भराभर. डासांचं मलम न्या. पावसाचं जॅकेट न्या, छत्री उपयोगाची नाही, फांद्यांत अडकते. जुने शूज घाला, पांढरे घातलेत तर परत पांढरे होणार नाहीत. दुर्बीण स्वतःची असेल तर उत्तमच, नाहीतर मुलांच्यात एकावरून मारामारी. जंगलात शिरायच्या आधी टॉयलेट उरकून घ्या. गाडी पहाटेची ठरवा आणि आदल्या रात्री परत फोन करा, मग सकाळी परत करा. संध्याकाळचा स्लॉट पण असतो पण परतीचा तो घाट अंधारात नको वाटतो मला, लोकल ड्रायव्हर ज्या वेगाने जातात ते बघता.

खायला मिकूडच्या बाजूला रस्त्याकडेला बेक्स मिळतात, आपल्या जाडसर पुरीच्या जवळचं काहीतरी, बरोबर कोको टी, दालचिनी-जायफळ घातलेला गरम गरम, भिजून आल्यावर स्वर्ग. शाकाहारी असाल तर 'ग्रीन फिग' बघून अंजीर समजू नका, उकडलेली कच्ची केळी असतात ती, पण बऱ्याचदा त्यात खारा मासा मिसळलेला असतो तेव्हा आधी विचारा. सासूबाईंनी नुसती केळी वेगळी काढून घेतली, वर घरून आणलेलं मेतकूट घातलं आणि तिथल्या बाईलाही चव दिली, तिने परत मागितलं.

पैसे: आमचे मोठ्यांचे माणशी ६५ अमेरिकन डॉलर आणि मुलांचे अर्धे, गाडी आणि गाइड धरून, हॉटेल डेस्कच्या भावाच्या मानाने खूपच कमी. लोकल चलन ईस्टर्न कॅरिबियन डॉलर आहे, एका अमेरिकन डॉलरला २.७० असा बांधलेला रेट, त्यामुळे कोणी वेगळाच हिशोब सांगायला लागलं तर फोनवर कॅल्क्युलेटर काढा. कार्ड चालत नाही, कॅश न्या, आणि टिप गाइडच्या हातात द्या, ड्रायव्हरकडे देऊन 'दोघांत वाटून घ्या' म्हणू नका.